तुम्ही विचारलंत म्हणून: ‘टू गो’ की ‘टू हॅव गॉन’?

इंग्रजी शिकवते म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: साधं ‘टू गो’ कुठे आणि ते परफेक्ट इन्फिनिटिव्ह, ‘टू हॅव गॉन’, कुठे?

सुरुवातीला मी एका दमात सांगून मोकळी व्हायचे. गोष्ट कालची असली की ‘हॅव’ लावा! मग एका मुलानं लिहून आणलं, ‘आय वॉन्टेड टू हॅव गॉन येस्टरडे’. गोष्ट कालचीच, ‘हॅव’ही लावलेलं. चूक त्याची नव्हती, माझ्या नियमाची होती. तिथे हवं होतं साधं ‘टू गो’. इच्छा काल झाली, आणि जाणं त्या इच्छेच्या पुढचं. आजचं घड्याळ बघायचंच नाही, मुख्य क्रियापदाचं बघायचं. त्याच्याआधी जे घडून गेलं, त्याला ‘हॅव’.

आपल्याला नडतं ते ‘जायला’. ‘टू गो’ म्हणजे जायला, हे शाळेत पाठ झालेलं. आणि ‘जायला’ला भूतकाळ नाही. पण वर्तमानपत्र उघडा. ‘मंत्री दिल्लीत असल्याचे समजते’, ‘मंत्री दिल्लीला गेल्याचे समजते’. पहिलं ‘टू बी’, दुसरं ‘टू हॅव गॉन’. ‘असल्याचे’ आणि ‘गेल्याचे’ यांत आपण कधी घोळ घालतो का? तसंच, ‘ही सीम्स टू बी इल’ म्हणजे आजारी असल्यासारखा दिसतो. ‘टू हॅव बीन इल’ म्हणजे आजारातून उठल्यासारखा. पहिल्याला डॉक्टरकडे न्यायचं, दुसऱ्याला जेवायला बोलवायचं.

‘सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग’ व्याकरणात चोख, पण बोलताना इंग्रजसुद्धा ‘टू कीप’वर भागवतात. तुम्हीही भागवा.

मला स्वतःला आवडते ती ‘वॉज टू’ची गंमत. ‘ही वॉज टू कम’ म्हणजे तो यायचा होता. आला की नाही, ते गुलदस्त्यात. ‘ही वॉज टू हॅव कम’ म्हटलं की समजायचं, आलाच नाही. मराठीत एवढ्यासाठी ‘यायचा होता, पण…’ म्हणून सुस्कारा टाकावा लागतो.

राहिलं ‘वुड लाइक’. ‘वुड लाइक टू हॅव गॉन’मध्ये हळहळ आत्ताची, ‘वुड हॅव लाइक्ड टू गो’मध्ये इच्छा तेव्हाची. काही जण दोन्हीकडे ‘हॅव’ घालतात. त्यावर माझं लाल पेन चालतं. न घडलेल्या एका सहलीला एक ‘हॅव’ पुरे.