बॉडी कोणती?

सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात शिरलं की माझी चाल आपोआप मंदावते. काही घेण्याइतके पैसे खिशात नसतात, तरी काचेमागच्या जुन्या लेन्स एकेक करून बघितल्याशिवाय पाय निघत नाही.

एकदा निकॉनची ५० एमएम लेन्स मागितली, स्वस्तातली, एएफ-डी प्रकारची. काउंटरमागच्या काकांनी ती काढण्याआधी विचारलं, "बॉडी कोणती?"

"निकॉनचाच डी ५३०० कॅमेरा."

"मग नको. तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, या लेन्समध्येही नाही. फोकस हातानेच फिरवत बसाल."

आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारं ॲप मला अजून भेटायचंय.

ऑनलाइनची चैन मी नाकारत नाही. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्यापडल्या हेलिऑस ४४-२ लेन्स बघावी, पेंटॅक्स के १००० कॅमेरा बघावा, कुणाशी घासाघीस नाही की काही नाही. फक्त तिथलं 'मिंट कंडिशन' म्हणजे स्थळाच्या जाहिरातीतलं 'गृहकृत्यदक्ष'. वाचायचं आणि पुढे जायचं.

मी पुढे गेलो नाही. फोटोत काच लखलखीत होती. मागवलेली लेन्स घरी आल्यावर ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस. पावसाळाभर कातडी पाकिटात बंद राहिलेली असणार बिचारी. विकणाऱ्याचं उत्तर आलं, "फोटो पे कुछ असर नहीं पड़ता." माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. एरवी फोटो बरे येतात. उजेडासमोर धरली की मात्र सगळं धुरकट.

दुकानात टॉर्च आपण मागायच्या आधीच काउंटरवर येतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का बघायचं, शटर एक सेकंदावर लावून कानाशी धरायचं. याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या कॅमेऱ्याचा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढल्यावर आतून 'टक्' असा आवाज यावा लागतो. नाही आला तर आतलं रबर गेलं म्हणून समजा. हे मला काकांनीच शिकवलं, आणि त्या दिवशीही मी काहीच विकत घेतलं नव्हतं.

शेवटी ती बुरशीवाली लेन्स साफ करून मिळते का विचारायला त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी टॉर्च लावला, एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं.

"कितीला घेतली?"

मी पाचशे रुपये कमी करून सांगितले. तरी ते हसले.