घोडी बघायला आले आणि पोटशूळ बघून गेले

मी अलिबाग तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणजे रोजचं काम गाई, म्हशी, शेळ्या आणि हल्ली बंगलेवाल्यांची कुत्री, घोडा मधेच कधीतरी. नागावला बीचवर घोडे फिरवणारे एक काका आहेत, त्यांनी घरामागे तबेला केलाय आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या पोरांना रायडिंग शिकवतात. ऑगस्टमधे त्यांचा फोन आला, डॉक्टर, एक पार्टी येतेय घोडी घ्यायला, तपासून द्या जरा. पावसात बीचवरचा धंदा बंद, घोडी मात्र रोज खाणार, म्हणून विकायला काढलेली.

पार्टी म्हणजे एक शाळकरी मुलगी आणि तिचे वडील. मुलगी काकांकडेच शिकलेली, दुडकीवर, म्हणजे घोडी हळू धावताना, तालात खोगिरावर उठबस छान जमायला लागलेली. वडिलांचं म्हणणं असं की दरवेळी क्लासची फी भरण्यापेक्षा घोडीच घेऊन टाकू, बंगल्यावर माळी आहेच तो बघेल. मी म्हटलं माळ्याला विचारलंय का? हसले.

घोडी बाहेर काढली तर सकाळचा दाणा तसाच. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, सारखी वळून कुशीकडे बघत होती, आणि दात बघायला जातोय तोवर खाली बसून लोळायलाच लागली. पोटशूळ! नाडी साठच्या वर, शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. पोटाला खालून स्टेथो लावला तर लाट मागे जाताना येतो तसा आवाज. तिथेच डोक्यात आलं, वाळू.

घोड्याला उलटी होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आत साचलं की जठर फुटू शकतं, म्हणून नाकातून नळी घालून आधी तुंबलंय का ते बघावं लागतं. तुंबलेलं नव्हतं, मग दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि त्याच नळीतून लिक्विड पॅराफिन सोडलं. काका घोडीचं तोंड धरून, मुलगी भर पावसात बादली धरून उभी, आणि वडील छत्रीत, "डॉक्टर, असं वारंवार होतं का हो?"

मग घोडी हळूहळू चालवत असताना त्यांना सगळं सांगितलं. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो सुकी वैरण लागते म्हणजे महिन्याला दोनशे किलोच्या आसपास, आपल्याकडे भाताचा पेंढा मिळतो पण त्यात कस नाही, कडबा घाटावरून आणायचा म्हणजे भाडं आलं, दाणा वेगळा, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, धनुर्वाताची लस, जंताचं औषध, वर्षातून एकदा दात कानशीने घासून सारखे करणं, आणि आपल्या पावसात खुरं कुजतात ते निराळंच. लीद काढणं आणि खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, रोजचं, दिवाळी असो की गणपती. खरेदीची किंमत यात सगळ्यात स्वस्त असते खरंतर.

काकांनी गव्हाण करायचे पैसे वाचवलेले, वैरण सरळ जमिनीवर टाकायचे, जमीन सगळी किनाऱ्याची पुळण, म्हणजे वैरणीबरोबर वाळूही पोटात. वर्षानुवर्षं असंच चालतं सगळीकडे म्हणून मी पण त्यांना फार बोललो नाही. दुपारनंतर लीद पडली. ती ग्लोव्हमधे घेतली, पाणी घालून टांगून ठेवली, थोड्या वेळाने ग्लोव्हच्या बोटांत वाळू खाली बसली. वडिलांनी त्याचा फोटो काढला. ऑपरेशन लागलं असतं तर इथे कुठे सोय, न्यायला गाडी मिळेपर्यंत घोडी हातची गेली असती, हे त्यांना सांगितल्यावर एकदम गप्पच झाले.

उरलेली वाळू पडून जावी म्हणून नंतर बरेच दिवस इसबगोल चालू ठेवला. काकांनी प्लास्टिकचे पिंप कापून गव्हाणी केल्या, खाली रबरी मॅट टाकली. पार्टीने घोडी घेतली नाही, मुलगी क्लासला येते अजून, फक्त आता काका तिला आधी खरारा करायला लावतात, मगच खोगीर. माझं अर्धं बिल बाकी आहे, सीझन सुरू झाला की देतो म्हणालेत.