जाऊन येते

सेंदाई, ६ फेब्रुवारी, रात्री ११

आज तिसऱ्या खोलीलाही नकार आला.

विद्यापीठाच्या वसतिगृहातली माझी मुदत मार्चअखेर संपते. जपानात शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे सध्या अर्धं शहर खोल्या शोधतंय. एजंट माझ्यासमोरच घरमालकाला फोन लावून बोलत होता. "परदेशी आहेत, पण जपानी बोलतात. तोहोकू विद्यापीठात मास्टर्स करतायत." मग बराच वेळ नुसतं "हाय, हाय," म्हणजे हो, हो. फोन ठेवून त्याने मान लववली. कारण त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भाडं भरायची माझी ऐपत आहे, हमी देणारी कंपनी आहे, कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा तेही पाठ आहे. त्यातलं काही विचारायची वेळच आली नाही.

जपानच्या न्याय मंत्रालयाची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी, केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं तीत सांगितलं होतं. मला हे माहीत होतं. तरीही तो 'पण' कानातून जाईना.

बस न घेता बर्फातून चालत निघाले आणि काताहिरा कॅम्पसमधून गेले. चीनचा लेखक लू शुन १९०४ साली सेंदाईला वैद्यक शिकायला आला होता. तो ज्या वर्गात बसायचा तो इथे अजून जपून ठेवला आहे. फुजिनो नावाचे त्याचे शिक्षक त्याच्या वह्या मागून घेत आणि लाल शाईने, अगदी व्याकरणासकट, दुरुस्त करून परत देत. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आमच्या लॅबमधली सेनपाई, म्हणजे वरच्या वर्षाची मुलगी, माझा प्रत्येक गोषवारा असाच तपासते. तिच्या खुणा बहुतेक 'वा' आणि 'गा' या जपानी प्रत्ययांभोवती असतात. बाकीचं व्याकरण मराठीने सोपं करून दिलं. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, 'सेंदाई नी' म्हणजे 'सेंदाईला'. सोबतच्या युरोपातल्या मुलांना वाक्य उलटं करून बोलावं लागतं, मला ते आपसूक येतं.

पण व्याकरणापेक्षा मला धरून ठेवलंय ते एका शब्दाने. घरातून निघताना इथे 'इत्तेकिमासु' म्हणतात. शब्दशः अर्थ, जाऊन येते. लहानपणी मी दारातून "जाते गं" म्हटलं की आजी हातातलं काम टाकून बाहेर यायची. "जाते म्हणू नये, येते म्हणावं." पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या दारातल्या केअरटेकर आजोबांनी मला हा शब्द शिकवला, तेव्हा मी तिथेच थबकले होते. याचं उत्तर 'इत्तेराश्शाय', म्हणजे जाऊन या. परत आल्यावर 'तादाइमा', म्हणजे आत्ताच आले.

आज आत शिरले तेव्हा टोपीवर, खांद्यांवर बर्फ होता. आजोबांनी खिडकी सरकवली आणि "ओकाएरि" म्हणाले. आई दार उघडताना "आलीस?" म्हणते, अगदी त्याच सुरात. मला "तादाइमा" म्हणताच येईना. त्यांनी काही विचारलं नाही. जिना चढताना मी वळून म्हटलं.

एप्रिलपासून हे कोणी म्हणणार नाही, हे मला खोली न मिळण्यापेक्षा जास्त लागतंय.

आईचा फोन आला तेव्हा सांगलीत साडेसहा वाजले होते. "मिळाली का गं खोली?" "बघतेय." तिने पुढे विषय वाढवला नाही, सायीचं दही कसं लागलं ते सांगत बसली.

उद्या साडेदहाला नागामाचीला जायचंय. एका घराच्या मालकीणबाई म्हणाल्यात, आधी भेटू, मग कागदपत्रं बघू. तरी निवास कार्ड, विद्यार्थी कार्ड आणि पासबुक पिशवीत घातलंय. बूट ओलेच आहेत, आत वर्तमानपत्र कोंबून हीटरजवळ ठेवलेत.