आभाळ कोल्हापूरचं, लाट समुद्राची

मे महिना लागला की आमच्या कोल्हापूरच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, शनिवारी मालवण टाकूया का, इथं तर कडक ऊन आहे, पाऊस काय नाही. नाहीतर उलटं, काल इथं वळवानं झोडपलं म्हणजे कोकणात पण खराब असणार, कॅन्सल करूया. दोन्ही वेळेला माणूस रंकाळ्यावर उभा राहून तारकर्लीचा समुद्र ठरवत असतो आणि मला ह्याचीच काळजी वाटते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपल्या वळवाचं बोलू. दुपारी दोन-अडीचपर्यंत भाजून काढणारं ऊन, संध्याकाळी पश्चिमेकडनं जो गार वारा येतो तो त्या दिवशी लवकर सुटतच नाही, सगळं गच्च होऊन बसतं, शर्ट पाठीला चिकटतो, आणि मग उगवतीला हातकणंगल्याच्या बाजूला आभाळ काळंनिळं व्हायला लागतं. घाट चढून आलेली समुद्राकडची ओलसर हवा आणि देशावरची कोरडी तापलेली हवा जिथं भिडते तिथं ढग उभा वाढतो, दहा-बारा किलोमीटर उंच सुद्धा जातो. पाऊस पडायच्या आधी त्या ढगातनं गार हवा धाडकन खाली येते, तोच तो पहिला सोसाट्याचा वारा. रंकाळा चौपाटीवर हे बघायचं असेल तर भेळेच्या गाड्यांवरची माणसं बघा, धूळ उठायच्या आधीच त्यांनी प्लास्टिकचा कागद ओढून दोरीनं आवळलेला असतो, चुरमुऱ्याचं पोतं गाडीखाली गेलेलं असतं. मग टपोरे थेंब, कधी गारा, लाईट गेली, आणि तासाभरात सगळं मोकळं. राजारामपुरीत गुडघाभर पाणी आणि गंगावेशीत थेंब नाही हे पण होतंच. एवढा छोटा जीव आहे वळवाचा, दहा-वीस किलोमीटरचा आणि एक-दोन तासांचा. आणि तो बहुतेक वेळा दुपारनंतरच येतो.

समुद्राच्या लाटेचं गणित ह्याच्याशी अजिबात जुळत नाही. लाट तयार करतो वारा, पण तो वारा किनाऱ्यावर असायला पाहिजे असं काही नाही, तो हजार किलोमीटर लांब असला तरी चालतो. लांबच्या वादळात उठलेली लाट निघते आणि वाटेत बारकी बारकी लाट मरून जाते, लांब पल्ल्याची तेवढी पोचते. दोन लाटांमधलं अंतर १४ सेकंदांचं असेल तर तो लोंढा दिवसाला साधारण ९०० किलोमीटर चालून येतो. म्हणजे वादळ आज लक्षद्वीपच्या पलीकडं असलं तरी त्याचं पाणी एक-दीड दिवसात मालवणजवळच्या देवबागच्या वाळूवर, आणि वर आभाळ एकदम स्वच्छ, पोरं सेल्फी काढतायत.

बिपरजॉय वादळ आठवत असेल सगळ्यांना. ६ जून २०२३ ला अरबी समुद्रात तयार झालं आणि १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. मधल्या दिवसांत ते आपल्या किनाऱ्यापासून पाचशेहून जास्त किलोमीटर लांबनंच वर सरकत होतं, आणि तरी गणपतीपुळ्याला लाट किनारा सोडून दुकानांपर्यंत घुसली, माणसं आडवी झाली. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांत कोल्हापूरच्या गाड्या किती असतात ते वेगळं सांगायला नको, आणि आपल्या भागातली पोरं तिथं बुडाल्याच्या बातम्या पण आपणच वाचतो. म्हणून माझा जीव तुटतो.

२०२१ चं तौक्ते वादळ वेगळं होतं, ते १६ मे ला कोकण-गोव्याच्या अगदी जवळनं गेलं, तेव्हा कोल्हापुरात पण वारा-पाऊस होता, सिंधुदुर्गात झाडं-खांब पडले, अंधार झाला, त्यामुळं कुणी समुद्राकडं फिरकलंच नाही. २०२५ च्या मे मध्ये तर २४ तारखेला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मधनं आत आलं आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडला हजर, इतका लवकर की आपल्याकडं शेतकऱ्यांची पेरणीची सगळी घडी विस्कटली. असली वादळं डोळ्याला दिसतात, माणूस आपणहून घरी बसतो. घात करतं ते लांबचं, न दिसणारं वादळ.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी हवामानाच्या ॲपवरचं पावसाचं चित्र बघत बसत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचा अंदाज रोज देते, त्यात लाटेची उंची असते आणि तिच्या शेजारी दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडा असतो. सगळे उंची बघतात. मी सेकंद आधी बघतो. एक मीटरची सहा सेकंदांची लाट म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यानं उठलेली खळबळ, तोंडावर पाणी उडतं, बाकी काय नाही. तीच एक मीटर १४-१५ सेकंदांची असेल तर तिच्यात दुपटीपेक्षा जास्त ताकद असते, ती खोलवरनं तळ घासत येते आणि उथळ पाण्यात आल्यावर एकदम उभी राहते. दहा मिनिटं समुद्र शांत वाटतो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, पाय उचलला जातो तो तेव्हा. जिथं लाट फुटत नाही, पाणी मधेच गप्प आणि गढूळ दिसतं, तिथनंच पाणी आत ओढत असतं. नवीन माणूस नेमका तीच जागा पोहायला निवडतो कारण ती शांत दिसते. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडं झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ अरुंद असते, बाजूला सुटते.

दुसरं म्हणजे भरती. त्याला ॲप पण लागत नाही, कोकणातलं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असली तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी कमी हलतं. लांबची लाट आणि उधाण एकाच दिवशी आलं तर मी घरीच बसतो, कुणी काही म्हणू दे.

आणि तिसरा आधार म्हणजे माणूस. मालवणच्या बाजूला एक ओळखीचे बोटवाले काका आहेत, त्यांना फोन लावला की ते उंची-सेकंद काही सांगत नाहीत, दारातनं समुद्राचा आवाज ऐकतात आणि म्हणतात, "आज येव नको रे, दर्याक करंट आसा." बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर तेही सांगतात. एवढ्यावर माझी गाडी फिरते. त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडत असतो आणि तरी ते नको म्हणतात, ह्याच्यापेक्षा खरा अंदाज कुठं मिळणार मला माहीत नाही.

लाटेवर खेळायला शिकणाऱ्या पोरांना हेच दिवस आवडतात हे पण खरं आहे, मंगळूरजवळच्या किनाऱ्यावर सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला घेतात ते ह्याच लाटांसाठी. पहाटे मतलई वारा जमिनीकडनं वाहतो, लाटेचं तोंड गुळगुळीत होतं, दहा वाजेपर्यंत मजा असते, मग खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं. पण तिथं शिकवणारा शेजारी असतो, फळी पायाला बांधलेली असते. आपण जीन्स घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतो, ते आणि हे एक नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्गातलं वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या बोटी बंद होतात ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत, १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी पण बंद. तेव्हा "इथवर आलोय तर एक राऊंड मारूया" म्हणून कुणा बोटवाल्याला गळ घालू नका. परतीचं पण आधी ठरवा, चारच्या पुढं गगनबावडा चढायला लागलात तर वळीव घाटातच गाठतो, धुकं आणि वर विजा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, गाडीतच बसायचं, झाडाखाली उतरायचं नाही.

ह्या शनिवारचं मी अजून ठरवलेलं नाही, खाली दक्षिणेला काहीतरी शिजतंय असं दिसतंय आणि सेकंदाचा आकडा चढायला लागलाय. शुक्रवारी संध्याकाळी काकांना फोन लावून इथंच टाकतो, देवगड-मालवणचं बुकिंग केलेल्यांनी तोपर्यंत हॉटेलवाल्याला पुढची तारीख विचारून ठेवा.