पहाटे कलणारी काडी आणि पासंगाचा प्रश्न

झोपण्याच्या खोलीतील ओरिगामीची, म्हणजे घडीच्या कागदी आकारांची, टांगती रचना पूर्ण झाली असून आता केवळ छायाचित्रे काढायची राहिली आहेत, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. रात्री दिवा मालवताना आडवी काडी अगदी समतोल असते. सकाळी मात्र तिच्या एका टोकाचा तीस युनिटांचा सोनोबे गोळा (एकेका चौरसाची सारखी घडी घालून केलेली युनिटे एकमेकांत अडकवून बनवलेला) चांगला दोन बोटे खाली उतरलेला दिसतो आणि दुपारपर्यंत कोणी हात न लावता पुन्हा जागेवर येतो. हा प्रकार सलग नऊ दिवस चालला.

प्रथम संशय दोऱ्यावर गेला. सुती दोऱ्याचा पीळ हळूहळू उलगडतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाचे कागदी क्रौंच पक्षी स्वतःभोवती फिरत राहतात आणि एकमेकांत अडकतात, ही जुनीच तक्रार होती. म्हणून मासेमारीचा एकपदरी नायलॉन दोरा वापरला. क्रौंच फिरायचे थांबले, आणि तेवढ्यासाठी तरी तो बदल सार्थकी लागला. हा दोरा मी आता सर्वांना निःसंकोच सुचवीन. काडीचे कलणे मात्र तसेच राहिले. मग गाठी सरकत असतील म्हणून प्रत्येक गाठीवर डिंकाचा थेंब दिला, एक रात्र पंखाही बंद ठेवला. फरक पडला नाही. शेवटी एके दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला आणि त्या दुपारी काडी सरळ झालीच नाही, तेव्हा कुठे कारण लक्षात आले.

कागद हवेतील ओलावा शोषतो. काच शोषत नाही. काडीच्या एका टोकाला 7.5 सेंमी चौरसांचा गोळा आहे आणि दुसऱ्या टोकाला 15 सेंमी चौरसांचे तीन क्रौंच एकाखाली एक, त्यांच्या तळाशी पासंग म्हणून काचेचे मणी. आपला नेहमीचा कागद दर चौरस मीटरला 70 ग्रॅम धरला, तर गोळा सुमारे 11.8 ग्रॅमचा होतो, तीन क्रौंच 4.7 ग्रॅमचे, आणि उरलेले 7.1 ग्रॅम मण्यांचे. रात्री दारे-खिडक्या बंद असतात, झोपलेल्यांच्या श्वासाने खोलीतील ओलावा वाढतो आणि कागद, समजा, दोन टक्क्यांनी जड होतो. गोळ्याचे वजन जवळजवळ पाव ग्रॅमने वाढते, क्रौंचांचे त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही, आणि मणी आहेत तितकेच राहतात.

एवढ्याशा फरकाने काडी इतकी का कलावी, हा प्रश्न मला कारणापेक्षाही अधिक महत्त्वाचा वाटला. काडी तीन मिलिमीटर जाडीची आहे. तिला वरच्या कडेला टांगले आणि वजने खालच्या कडेला बांधली, तर टांगण्याचा बिंदू वजनांच्या रेषेपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर वर राहतो. हे अंतर जितके कमी तितकी काडी हळवी, आणि ते शून्य झाले तर तिला सरळ आणणारे काहीच उरत नाही. त्यामुळे काडीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमीवर दोरा बांधून त्याचा त्रिकोण केला, आणि शिखराची गाठ काडीच्या अडीच सेंमी वर घेऊन तेथून सगळी रचना टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली होता! नऊ दिवसांनंतर ते दृश्य मी बराच वेळ पाहत राहिले.

येथे नोंद संपवायची होती. परंतु वरचे आकडे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली आणि पुढचा बेत बदलला. 15 सेंमीच्या एका चौरसात 7.5 सेंमीचे चार चौरस मावतात. म्हणजे तीन क्रौंच बरोबर बारा युनिटांएवढे, मग वजनकाट्याची गरजच काय? गोळा टांगणीपासून 8 सेंमीवर आणि क्रौंच 20 सेंमीवर ठेवले, तर तीस गुणिले आठ आणि बारा गुणिले वीस, दोन्ही 240. पासंगच नको, आणि दोन्हीकडे केवळ कागद असल्यामुळे ओलाव्याने वजन वाढले तरी सारख्याच प्रमाणात वाढेल. काडीचे स्वतःचे वजन लांब बाजूकडे अधिक पडते, म्हणून टांगणी सुमारे पाच मिलिमीटर क्रौंचांकडे सरकवावी लागेल. झोपणाऱ्याच्या डोक्यावर काच लटकत असल्याचे मला पहिल्यापासून खटकत होते, तेही यातून सुटते.

अट एकच, की दोन्हीकडचा कागद एकाच गठ्ठ्यातील असावा. मागच्या खेपेला एका पुरवठादाराकडून आलेल्या चौरसांच्या दोन बाजूंत एक मिलिमीटरचा फरक होता. क्रौंचाच्या ‘पक्षी-पाया’ या सुरुवातीच्या मूळ घडीपर्यंत तो खपून गेला, पण चोच आणि शेपटी जुळेनात. तेव्हापासून मी मोठा ताव आणून स्वतःच कापते. चकचकीत धातुवर्खी कागदही आता बाद केला आहे. तो सुबक दिसतो, परंतु एकदा चुकीची पडलेली घडी त्यावरून कधीच पुसली जात नाही.

आज रात्री मणी काढून टाकले आहेत आणि टांगणी गोळ्याच्या टोकाच्या दोऱ्यापासून साडेआठ सेंमीवर आणली आहे. गोळा आता टांगणीच्या जवळ आल्यामुळे त्याचा दोरा थोडा लांब ठेवावा लागला, नाहीतर तो त्रिकोणाखाली दाटीने बसतो. सध्या काडी सरळ आहे. सकाळचे मोजमाप पुढच्या नोंदीत देईन.