आमची वाटचाल : फराळ, लेबलं आणि आमचे इंटर्न

लंडनजवळ स्लाऊमध्ये आमचं छोटं किचन आहे, रोजचे टिफिन आणि वर्षभर फराळ. 2016 ला घरच्या ओट्यावर सुरुवात केली, काउन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंदणी केली (ती धंदा सुरू करायच्या 28 दिवस आधी करायची असते, नवीन लोकांनी लक्षात ठेवा), मग एक युनिट भाड्याने घेतलं, स्वच्छतेचं हायजीन रेटिंग 5, म्हणजे सगळ्यात वरचं, मिळालं, मिस्टरांनी नोकरी सोडली. हे सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. मला लिहायचंय ते आमच्याकडे इंटर्न यायला लागले त्याबद्दल.

इंग्लंडमध्ये सपोर्टेड इंटर्नशिप म्हणून एक कोर्स असतो. 16 ते 24 वयाची मुलं, कुणाला ऑटिझम, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला शिकायला जरा जास्त वेळ लागतो, आणि ज्यांचा काउन्सिलने ईएचसी प्लॅन (शिक्षण, तब्येत आणि देखभालीच्या गरजांचा कायदेशीर आराखडा) करून दिलाय अशी. नाव कॉलेजात असतं पण बहुतेक वेळ खऱ्या कामाच्या जागी, किमान सहा महिने. शिक्षणाचाच भाग म्हणून पगार नसतो, सोबत काम शिकवायला जॉब कोच येतो आणि त्या मदतीचा खर्च सरकारच्या ॲक्सेस टू वर्क या अपंगांना कामात मदत करणाऱ्या योजनेतून मिळू शकतो. मला वाटायचं हे मोठ्या हॉस्पिटलांचं काम, कारण 1996 ला सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात सुरू झालेला प्रोजेक्ट सर्च हा अशाच इंटर्नशिपचा कार्यक्रम इथेही हॉस्पिटलांमध्येच जास्त दिसतो. पण कॉलेजच्या बाई म्हणाल्या की काही मुलांना छोटी जागाच मानवते, रोज तीच चार माणसं, तोच आवाज, तोच वास.

पहिला मुलगा यायच्या आधी जॉब कोच एकटीच आली आणि अख्खी सकाळ स्वतः चिवडा पॅक करत बसली, एकेक पायरी लिहून काढत. पाकीट काट्यावर ठेव, शून्य कर, 200 ग्रॅम येईपर्यंत भर, सीलरवर धर, दिवा विझला की काढ. प्रत्येक पायरीचा फोटो भिंतीवर लावला. मुलगा आल्यावर मात्र ती फार बोलायचीच नाही, हात दाखवायची आणि थांबायची, सुरुवातीला त्याच्या कोपराशी उभी असायची, मग दाराशी, मग बाहेर ऑफिसात बसायला लागली. ते फोटो अजून तिथेच आहेत, नवीन कुणीही आलं तरी आम्ही त्यावरूनच शिकवतो.

याच मुलाला आम्ही रीतसर इंटरव्ह्यूला बोलावलं असतं ना, तर तो खाली बघत बसला असता, आम्ही "कळवतो" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. या इंटर्नशिपचं मोल मला इथेच वाटतं, बोलून दाखवायची गरज नाही, काम करून दाखवायला भरपूर वेळ मिळतो.

सप्टेंबरला मुलं येतात आणि लगेच दिवाळीच्या ऑर्डरींचा रेटा. 2021 च्या ऑक्टोबरपासून नताशाज लॉ आलाय, म्हणजे आपल्याच दुकानात पॅक करून तिथेच विकलं तरी पाकिटावर सगळे घटक लिहायचे आणि 14 ॲलर्जनपैकी (ॲलर्जी आणणारे ठरलेले पदार्थ) जे असतील ते ठळक. फराळात तर बघा, चिवड्यात शेंगदाणे, काजू, मोहरी, चकलीत तीळ, करंजीत गहू आणि दूध. लेबलं तपासायचं काम आमच्याकडे सगळेच टाळायचे, घाईत कुणीतरी उरकायचं. कोच म्हणाली, हे वेगळं काढा आणि या मुलालाच द्या. एकदा सप्लायरने नेहमीचा हिंग नाही म्हणून दुसऱ्या ब्रँडचा डबा पाठवला, त्याने नेहमीप्रमाणे डबा आणि आमचं लेबल शेजारी ठेवून वाचलं आणि काम थांबवलं. नव्या हिंगात गव्हाचं पीठ होतं, आमच्या चिवड्याच्या लेबलवर गहू नव्हता. ग्लुटेन चालत नाही असे आमचे कितीतरी गिऱ्हाईक आहेत.

जुलैत कोर्स संपल्यावर त्याला नोकरी दिली, आठवड्याला 16 तास, बाकीच्यांना जो रेट तोच त्याला. बस पकडून एकटा येतो, तेही कोचनेच शिकवलं.

सगळ्यांचं असं जमतं असं नाही हां. एका मुलीला एक्झॉस्टचा आवाज सहनच होईना, हेडफोन देऊन पाहिले, मग कॉलेजने तिला एका गार्डन सेंटरला हलवलं आणि तिथे ती रमली. नावडती जागा कळणं हाही कोर्सचाच भाग आहे. इथे काउन्सिलची मदत घेणाऱ्या लर्निंग डिसॅबिलिटीवाल्या प्रौढांत पगारी नोकरी असलेले 100 मध्ये जेमतेम 5 आहेत, वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. 2022 ला सरकारने या इंटर्नशिप दुप्पट करायला 1 कोटी 80 लाख पाउंडांपर्यंत जाहीर केले, पण जागा आपल्यासारख्यांनीच द्यायच्यात ना.

आपल्या मराठी आईबापांना एक सांगते. मूल घरात सुखात आहे, कशाला बाहेर, लोक काय म्हणतील, हे मी खूप ऐकलंय आणि त्यामागची काळजी मला कळते. तरीपण ईएचसी प्लॅनच्या वार्षिक रिव्ह्यूत नोकरीचा विषय तुम्ही स्वतः काढा, इयर 9 पासून (मूल 13-14 वर्षांचं असतं तेव्हा) पुढच्या आयुष्याची तयारी त्यात बोललीच गेली पाहिजे असा नियम आहे. आणि ज्यांचं दुकान, किचन, गोडाऊन काहीही आहे त्यांनी जवळच्या कॉलेजात सपोर्टेड इंटर्नशिप कोण बघतं ते विचारा, आधी येऊन जागा बघून जातात, पैसे काही पडत नाहीत. आमच्याकडे या सप्टेंबरला येणारी मुलगी लाडू वळायला उत्सुक आहे असं कळलंय, बेसन भाजायचं मात्र मीच करणार.