उणे चाळीस अंशांत सातारा

खंबाटकीचा घाट चढून वर आलो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं. रविवारची संध्याकाळ, ऑगस्टचा पाऊस, मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला मुलगा. गाडी मी चालवत होते. नवरा म्हणाला, "बाजूला घे." घेतली. बॉनेट उघडलं आणि एका छत्रीत दोघं उभे राहून आत बघत बसलो. कळलं काहीच नाही. गाडी तर बरी चालत होती. फक्त रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता आणि एवढ्या गार हवेत त्याला कशाने उकडतंय ते समजेना.

हा दिवा नुसता पेटून राहिला तर बेताने घरी जाता येतं, एवढं तेव्हाही ऐकून माहीत होतं. तो उघडझाप करायला लागला तर मात्र जाऊ नये. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं. आमचा दिवा शांत होता. साताऱ्यापर्यंत आलो.

मंगळवारी गाडी गॅरेजला दिली. तिथल्या पोऱ्याने स्कॅनर लावला, दोन मिनिटांत सांगितलं, "मॅडम, कूलंट टेम्परेचर सेन्सर गेलाय. हाय दाखवतोय." कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी, त्याचं तापमान मोजणारा हा सेन्सर. सेन्सरचे साडेआठशे, मजुरी आणि थोडं कूलंट मिळून साडेसहाशे. दिवा घालवला, पंधराशे घेतले, जुना सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिला. जुना भाग परत मागायची सवय माझ्या वडिलांची. तिचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी दिवा पुन्हा पेटला.

दिवा पेटला की गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा एक कोड नोंदवून ठेवतो. पुन्हा गॅरेजला जायच्या आधी तो कोड काय आहे ते आपण स्वतः बघावं असं ठरवलं. मी हिशेबातली बाई. पतसंस्थेत अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधते आहे. ताळेबंद जुळला नाही की कॅल्क्युलेटर बदलून भागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. गाडीचा कोड फोनवर दाखवणारं सातशे रुपयांचं ब्लूटूथचं बोंडूक मागवलं, त्याला ईएलएम३२७ म्हणतात. फोनवर एक फुकटचं ॲप घेतलं. गाडी २०१४ ची. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था, सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून, त्यामुळे सोळा टोकांचं सॉकेट गाडीत असणारच होतं. ते ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगच्या खाली असतं. मी दार उघडं टाकून, डोकं ब्रेकच्या पायाशी आणि पाय बाहेर पावसात अशा अवस्थेत ते शोधलं. वॉचमन येऊन विचारून गेला, "वहिनी, बरं वाटत नाही का?"

कोड निघाला: पी०११८.

आता हा कोड कसा वाचायचा ते सांगते, कारण माझा घोटाळा इथेच झाला होता आणि गॅरेजवाल्याचाही. पहिलं अक्षर गाडीचा विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे एअरबॅग-काचा वगैरे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा चॅसिस आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपापसातली बोलणी. पुढचं शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. मग इंटरनेटवरचा दुसऱ्या गाडीचा अर्थ आपल्याला लावू नये. त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधन यांच्या मोजमापातली भानगड. तिथे तीन असता तर ठिणगीची भानगड, चार असता तर धुराची. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

पी०११८ चं इंग्रजी नाव वाचलं की त्यात 'हाय' हा शब्द दिसतो आणि माणूस समजतो, इंजिन तापलं. हाय आहे ते तापमान नव्हे, व्होल्टेज. गंमत अशी की या सेन्सरमध्ये व्होल्टेज जास्त म्हणजे इंजिन थंड. कॉम्प्युटर एका तारेतून पाच व्होल्ट पाठवतो. सेन्सर म्हणजे पितळी बोंडात बसवलेला एक रोध. थंड असताना तो करंटला खूप अडवतो, तापला की वाट मोकळी करून देतो. वाट मोकळी झाली की तारेवरचं व्होल्टेज खाली येतं आणि त्यावरून कॉम्प्युटर तापमान ओळखतो. आता ही वाटच तुटली तर? पाच व्होल्ट कुठेच जात नाहीत, तिथल्या तिथे तुंबून राहतात. कॉम्प्युटर म्हणतो, बाप रे, केवढी थंडी! आणि शेवटी त्याच्याही लक्षात येतं की एवढी थंडी शक्य नाही, म्हणून दिवा पेटतो. म्हणजे कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की या वाटेवरून जे व्होल्टेज येतंय ते पटण्यासारखं नाही. वाटेवर सेन्सर येतो, त्याचा प्लग येतो, दोन तारा येतात आणि पलीकडे कॉम्प्युटरचं टोकही येतं.

ॲपमध्ये चालू आकडे बघायची सोय असते. तिथे कूलंटचं तापमान उघडलं. −४०.

साताऱ्यात, सप्टेंबरात, उणे चाळीस! मुलगा आठवीत आहे, तो लगेच म्हणाला, "आई, सेल्सिअस बघ नाहीतर फॅरनहाइट, उणे चाळीस दोन्हीकडे सारखंच." पुढे कळलं की हा आकडा असाच आलेला नसतो. ओबीडीत तापमान शून्य ते दोनशे पंचावन्न अशा आकड्यात पाठवतात आणि दाखवताना त्यातून चाळीस वजा करतात. मग पाठवायच्या आकड्याला शून्याच्या खाली जायला जागाच नाही. उणे चाळीस म्हणजे मोजपट्टीचं शेवटचं टोक. तो दिसला की तापमान वाचायचंच नाही, तार तुटली असं वाचायचं. पंख्याचाही उलगडा झाला. तापमानावर भरवसा राहिला नाही की कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा सोडून देतो आणि पेट्रोलही अंदाजाने देत राहतो. त्या आठवड्यात सोळाचं ॲव्हरेज बारावर का आलं होतं आणि गाडी परत चालू करताना पेट्रोलचा वास का यायचा, ते आत्ता समजलं.

ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम नावाचं आणखी एक पान होतं. दिवा पेटला त्या क्षणी गाडी काय करत होती त्याचा जणू पंचनामा. वेग १४, इंजिनाचे फेरे हजाराच्या जरा वर, आत येणारी हवा २९ अंश. हवा एकोणतीस आणि कूलंट उणे चाळीस, हे एकाच गाडीत एकाच वेळी. ते सगळं वहीत लिहून घेतलं, मग कोड खोडला. सोमवारी पुन्हा पेटला. पुन्हा पंचनामा: वेग ११. ताशी अकरा आणि चौदा हे वेग आमच्या नेहमीच्या रस्त्यावर एकाच ठिकाणी लागतात, शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर. गाडीला हिसका बसला की काहीतरी सुटतंय, हे तिथेच लक्षात आलं. खंबाटकीच्या वेळचा पंचनामा मात्र गेला होता. गॅरेजमध्ये कोड खोडताना तोही त्याच्यासोबत पुसला जातो. बॅटरीची तार काढून दिवा घालवणारेही हेच करतात, पुरावा धुऊन टाकतात.

जुना सेन्सर पिशवीतच होता. मुलाच्या सायन्स किटमधला मल्टिमीटर काढला आणि खोलीच्या तापमानाला मोजलं: दोन हजार ओहमच्या आसपास. मग चहाचं पातेलं गॅसवर चढवलं, पाणी उकळलं आणि सेन्सरचं पितळी टोक चिमट्याने आत धरलं. आकडा उतरायला लागला, पंधराशे, नऊशे, चारशे, आणि एकशे नव्वदवर येऊन टेकला. जसं व्हायला हवं तसंच. सेन्सर ठणठणीत! तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "हे गं काय? आणि माझ्या चहाच्या पातेल्यात?" म्हटलं, "आई, पंधराशे रुपये उकळतेय."

ते पातेलं आता गाडीचं म्हणून वेगळं काढून ठेवलंय. चहाला नवीन आणावं लागलं, तोही खर्च धरायला हवा.

बुधवारी संध्याकाळी शेवटची परीक्षा घेतली. इंजिन बंद, किल्ली फक्त ऑनवर. सेन्सरचा प्लग काढला. त्यात दोनच तारा. कागदाला लावायची यू-पिन वाकवून प्लगच्या दोन्ही भोकांत घातली, म्हणजे सेन्सरऐवजी मोकळी वाट झाली. आता तारा धड असतील तर आकडा उणे चाळीसवरून उडून पार वरच्या टोकाला जायला हवा. (हे दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरतंच. तीन तारांच्या सेन्सरमध्ये पिन घालू नका आणि पिवळ्या प्लगच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका, ती एअरबॅग असते. पंखा किल्ली ऑन असताना आपोआप सुरू होऊ शकतो, तेव्हा हात आणि ओढणी लांब.) नवरा आत फोन धरून बसला होता.

"किती?"

"उणे चाळीस."

म्हणजे तक्रार प्लगच्या पलीकडे, तारेत. मी तारांभोवतीची काळी पन्हळी नळी हाताने हळूहळू हलवत मागे सरकत गेले. बॅटरीच्या मागे पोचले.

"आला! सव्वाशेच्या वर गेला! ... गेला परत. उणे चाळीस."

"हे?"

"आला! सोड, सोड, धर, तसंच धर!"

शेजारच्या काकूंना वाटलं असेल क्रिकेट चाललंय. टॉर्च मारला. बॅटरीच्या मागच्या खाचेत शेंगदाण्याची टरफलं, एक अर्धा खाल्लेला पेरू आणि काळ्या तांदळासारख्या लेंड्या. नळी एका बाजूने कुरतडलेली आणि आतल्या एका तारेचं तांबं उघडं पडून हिरवं झालेलं. एकाच केसाएवढ्या धाग्यावर ती तार लोंबत होती. तो धागा टेकला की ८८ अंश, सुटला की सायबेरिया.

घरून काम सुरू झाल्यापासून गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते. बाकी दिवस ती कडुलिंबाखाली उभी असते आणि तिच्या खाली उंदरांचं बिऱ्हाड.

तार जोडायचं काम मी केलं नाही. पोवई नाक्याच्या पलीकडे गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे वही घेऊन गेले. कोड, दोन्ही पंचनामे, पिनेची परीक्षा, कुठे हलवलं की काय होतं, सगळं वाचून दाखवलं. काका चष्मा वर करून म्हणाले, "ताई, निम्मं काम तुम्ही करूनच आणलंय. लोक येतात आणि सांगतात, दिवा लागला, घालवा." त्यांनी सडलेला भाग दोन्हीकडून कापला, नवीन तांबं दिसेपर्यंत मागे गेले, मध्ये तेवढ्याच जाडीचा तुकडा घालून झाळ दिला. वरून नळी सरकवून लायटरने आवळली. नुसती पिळून टेप का नाही लावायची, असं विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात परत हिरवी होईल आणि तुम्ही परत सेन्सर बदलाल." तीनशे रुपये. शेजारच्या दोन ताराही अर्ध्या खाल्लेल्या निघाल्या, त्या त्याच पैशात झाल्या.

तिथेच बसून इंजिन चालू केलं आणि फोनवर आकडा बघत राहिले. २८. ३५. ५१. इतकी वर्षं गाडी चालवली पण इंजिन तापताना कधी बघितलं नव्हतं. आमच्या गाडीत काट्याचं मीटरच नाही, थंडीला निळा आणि तापल्यावर लाल एवढे दोनच दिवे. ७०. ८४. नव्वदीच्या घरात गेल्यावर पंखा लागला, थोड्या वेळाने आपला आपण थांबला. पंखा थांबल्याचा इतका आनंद आयुष्यात दुसऱ्यांदा होईल असं वाटत नाही.

उंदरांवर उपाय म्हणून तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फिनेल असं सगळं सोसायटीने सुचवलं. डांबरगोळ्यांनी उंदीर गेले नाहीत, आम्हालाच एसीतून वास यायला लागला. आता रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवते, काळोख आणि ऊब त्यांना आवडते म्हणे. शिवाय गाडी एक दिवसाआड भाजीला का होईना बाहेर काढते. नळीवर काकांनी बारीक जाळी गुंडाळून दिली आहे. तिच्यावर दातांच्या खुणा आहेत, पण ती टिकून आहे.

परवा मावसभावाचा फोन आला. त्याच्या गाडीचा दिवा लागलाय, पी०४२०, गॅरेजवाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतोय, खर्च पाच आकडी. मी पहिलं विचारलं, "कोड खोडला नाहीस ना अजून?" म्हणाला, नाही. म्हटलं, मग फ्रीझ फ्रेमचा फोटो पाठव. आणि आधी सायलेन्सर कुठे गळतोय का ते बघ, कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर काय दाखवतो ते बघ. फोटो अजून आलेला नाही.

जुना सेन्सर मी टाकला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात, कंगव्याच्या डबीत ठेवलाय. कधी नवा बिघडलाच तर असू दे म्हणून. तो चांगला आहे, उकळून बघितलाय.